धुरातली हजेरी

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास सरला चाकांची पिशवी ओढत राहत्या उंच इमारतीच्या, ब्लॉकच्या, लिफ्टमधून बाहेर पडायची. सिंगापूरच्या पश्चिमेची ही बुकित बातोकची वस्ती टेकाडांवर बसलेली. चढ संपला की उतार, उतार संपला की पायऱ्या. कम्युनिटी सेंटर जेमतेम पाऊण किलोमीटरवर, पण तिथे पोहोचेपर्यंत ब्लाउज पाठीला चिकटायचा आणि दांड्याचा लाल वळ तळहातावर उठायचा. पायऱ्या आल्या की पिशवी उचलून मांडीला टेकवत, एकेक पायरी. आत बावीस वह्या, अक्षरांचे पुठ्ठे, मार्कर आणि फळा पुसायला जुन्या परकराचा तुकडा.

खोली दुसऱ्या मजल्यावर. शनिवारी तिथे म्हाताऱ्या चिनी बायका नाच शिकायच्या, म्हणून बाकं भिंतीला लावलेली असायची. सरला ती एकटीच ओढायची, चार-चारच्या रांगा करायची आणि मग दोन मिनिटं पंख्याखाली तोंड वर करून उभी राहायची.

कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर तिने अकरा वर्षं काढली होती. शिवदासला सिंगापूरची नोकरी लागली तेव्हा राजीनामा देऊन आली. इथे ती नवऱ्याच्या नोकरीच्या परवान्यावर, पासवर. पगाराचं काम करायचं तर तिचा स्वतःचा वेगळा पास हवा, आणि तिच्या डी.एड.ला इथे विचारतो कोण? पहिलं वर्ष भिंतीकडे बघत गेलं. दुसऱ्या वर्षी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत पाच पोरं जमवून तिने बाराखडी सुरू केली. पुढे शहराच्या पूर्व टोकाकडच्या बेडोकच्या मराठी रविवार शाळेने तो वर्ग आपली शाखा म्हणून जोडून घेतला, खोली मिळवून दिली. त्याला सात वर्षं झाली. पाचाची बावीस पोरं झाली. पगार नव्हता, पण आठवड्याचे बाकीचे सहा दिवस सरला या तीन तासांच्या जिवावर काढायची.

मे महिन्यातल्या एका रविवारी वर्ग सुटायच्या वेळी सुलेखा आली. ती शाळेच्या मंडळाची सचिव. बेडोकहून टॅक्सीने आलेली, तरी पदराने वारा घेत होती.

"सरलाताई, काय हो उकडतंय तुमच्याकडे! एसी नाही का?"

"आहे की. दहा मिनिटं चालतो आणि रुसतो. पोरांना सवय झालीय."

सुलेखा पोरांच्या बाकावरच बसली. म्हणाली, "एक मागायला आलेय. नाही म्हणायचं नाही. मंडळाच्या निवडणुकीला उभ्या राहा."

"मी?"

"मग कोण? सात जणांचं मंडळ, सगळे बेडोकचे नाहीतर चांगीचे. पश्चिमेचं माणूसच नाही. मग कुणीतरी कुजबुजतं, पश्चिमेचा वर्ग कशाला वेगळा, बेडोकला जोडून टाकू."

सरलाच्या हातातला परकराचा तुकडा फळ्यावरच थांबला. "बंद करणार आहेत?"

"अहो म्हणून तर म्हणते. तुम्हीच आत बसलात तर तुमच्यादेखत कोण बोलणार? मी आहे ना तुमच्या बाजूने. मला सख्खी बहीण नाही, सरलाताई. तुम्हाला बघितलं की वाटतं, असती तर अशी असती."

जाताना तिने सरलाचा हात दोन्ही हातांत धरला. हात गार होते, टॅक्सीतल्यासारखे.

घरी शिवदास आठवड्याच्या शर्टांना इस्त्री करत होता. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात तो संगणकांची देखभाल करायचा, कंत्राटावर. सरलाने सांगितलं तसं त्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"उभी राहा," तो म्हणाला.

"लगेच? तुम्हीच म्हणायचा की, मंडळ म्हणजे मोठ्या लोकांचा चहा."

"म्हणायचो. आता उभी राहा म्हणतोय. तुलाही कुणी मान द्यावा की एकदा."

बारा वर्षांची त्यांची दीक्षा सोफ्यावर आडवी पडून फोन बघत होती. इथल्या पोरांसारखं तीही वाक्याशेवटी 'लाह' लावायची. "आई व्हर्सेस हू?"

"बेडोकचे पद्माकरकाका उभे आहेत म्हणे."

"ओ नो. तो अंकल सगळ्यांना चॉकलेट देतो, लाह. आई, यू डाय."

जूनचे तीन आठवडे दोघं दारोदार हिंडली. शिवदास कामावरून आला की पाण्याचा घोट घेऊन तिच्यासोबत निघायचा. पाऊस आला तर तिच्या डोक्यावर छत्री धरायचा आणि स्वतःचा एक खांदा भिजू द्यायचा. तिने हाताने लिहिलेली आणि छापून आणलेली पत्रकं त्याच्या पिशवीत असायची. सोळाव्या मजल्यावरून चौथ्यावर, चौथ्यावरून दुसऱ्या ब्लॉकला. पश्चिमेकडची घरं तिला ओळखायची. चहा व्हायचा, पोरं "मिस आली, मिस आली" करत सोफ्यामागे लपायची. प्रकाश जहाजांच्या यार्डात सुपरवायझर होता, त्याची आर्या सरलाच्या वर्गात. तो दारातच म्हणाला, "मॅडम, मत तुम्हालाच. पण निवडून आल्यावर विसरू नका. आमच्या गावचा सरपंच आधी सगळ्यांच्या पायाला हात लावायचा. निवडून आला आणि फोनला हात लावायचा बंद झाला."

"मी कुठं जातीय विसरून? तुमची आर्या रोज 'ण' उलटा काढते, ती विसरू देईल का?"

पूर्वेकडे जावं लागलं तेव्हा गोष्ट वेगळी होती. एका महागड्या खाजगी सोसायटीच्या, काँडोच्या, फाटकावर रखवालदाराने विचारलं, डिलिव्हरी का? वर राधिका नावाच्या बाईंनी दार अर्धं उघडलं आणि घड्याळ बघितलं. "स्वयंपाकाच्या ना? तुम्हाला पाचला बोलावलं होतं. आणि हे कोण, नवरा? नवऱ्याला कशाला आणलंत?"

सरलाने पत्रक पुढे केलं. राधिकाबाई लाजल्या, "अगंबाई, सॉरी हं," म्हणाल्या, पण दार अर्धंच राहिलं. लिफ्टची वाट बघताना शिवदास आकड्यांकडे टक लावून उभा होता. सरलाला वाटलं, आपला अपमान त्याला लागला. तिने त्याच्या भिजल्या खांद्यावरचं पाणी हाताने निपटलं.

मतदान बेडोकच्या एका हॉलमध्ये झालं. पश्चिमेची माणसं पोरंबाळं घेऊन सव्वा तासाचा रेल्वेप्रवास करून आली, यार्डातून रात्रपाळी करून आलेला प्रकाश रांगेतच पेंगत होता. सरलाला चौऱ्याहत्तर मतं पडली, पद्माकरना एक्कावन्न. प्रकाशने अशी शिट्टी मारली की दोन तान्ही पोरं रडायला लागली. मंडळाचे अध्यक्ष चंद्रशेखर उंच, गोरे, आवाज कधी न चढवणारे. शिवदास ज्या बँकेत राबायचा तिथलेच ते मोठे साहेब. त्यांनी सरलाला शाल घातली, हातात नारळ दिला आणि म्हणाले, "आज पश्चिम आमच्या घरात आली."

सगळे टाळ्या वाजवत होते. मागच्या रांगेत शिवदासही वाजवत होता, खाली बघून.

मंडळाची बैठक महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका मीटिंगच्या खोलीत. सरला सकाळी साडेआठलाच निघायची. खोली इतकी गार की बोटं आखडायची, दुसऱ्या खेपेपासून ती शाल घेऊन जायला लागली. पहिल्या बैठकीत बसते तोच तिला दिसलं, पद्माकर टेबलाशी आधीच बसलेले.

"स्वीकृत सदस्य म्हणून घेतलंय त्यांना," सुलेखा म्हणाली. "एक साने होते ना, ते जर्मनीला गेले. अनुभवी माणूस हवा."

पद्माकर हसले. "बघा ताई, तुम्ही पायऱ्या चढून आलात, मी लिफ्टने आलो."

सगळे हसले, म्हणून सरलाही हसली.

तिला कामं मिळाली. ऐंशी प्रमाणपत्रांवर नावं लिहायची, कारण "सरलाताईंचं अक्षर म्हणजे मोती." दोन्ही शाखांसाठी कोरे हजेरीपट आखायचे. गणपतीच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या मोजायच्या. वर्गाला दुसरी खोली, नीट चालणारा एसी, एक मदतनीस, हे विषय तिने तीनदा काढले. चंद्रशेखर तीनदा म्हणाले, "घेऊ ना अजेंड्यावर." जुलैच्या बैठकीत एक ठराव झाला, ज्या शाखेची तिमाही सरासरी हजेरी पंधराच्या खाली जाईल तिचा फेरविचार करायचा. सरलाने मान डोलावली. तिच्या वर्गात वीसच्या खाली कधी पोरं नसायची. उलट तिला बरं वाटलं, आता आकडाच आपली बाजू घेईल.

ऑगस्टमध्ये शिवदासचा पास दोन वर्षांनी वाढला. संध्याकाळी त्याने पेढे आणले. सरलाने बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. तिघं हात जोडून उभी राहिली. शिवदास नंतर बराच वेळ तिथेच उभा होता.

सप्टेंबरच्या मध्याला धूर आला. समुद्रापलीकडची जंगलं पेटली की वाऱ्याबरोबर तो दर काही वर्षांनी येतो, पण यंदा तो बसलाच. सकाळी खिडकी उघडली की समोरचा ब्लॉक नाही, टेकडी नाही, फक्त करपलेल्या भाकरीचा वास. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागायचे. डोळे चुरचुरायचे, घशात कुणीतरी भुसा कोंबल्यासारखं वाटायचं.

पहिल्या धुराच्या शनिवारी सुलेखाचा फोन आला. "सरलाताई, मुलांवर जबरदस्ती नको. पण ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी वर्ग उघडा ठेवा, काय? आणि हजेरी मात्र नेहमीसारखी चोख लिहा. मंडळाला सगळं पारदर्शक हवंय."

हे सांगायची गरजच नव्हती. सरलाच्या अंगात जिल्हा परिषद मुरलेली. शाळेसमोरचा ओढा भरून वाहत होता तेव्हाही ती दोरीला धरून पलीकडे गेली होती, दोन पोरांची हजेरी लिहिली होती. शाळा उघडायची, पट भरायचा, आलं ते हजर, नाही आलं ते गैरहजर. धुरातही ती पिशवी ओढत गेली. तोंडावर मास्क, पायऱ्यांवर दम लागून दोनदा थांबायची. खोलीच्या खिडक्या बंद केल्या, दाराच्या फटीला ओला पंचा लावला, बाकं ओढली. चार पोरं आली. पुढच्या रविवारी तीन. मग तीन, मग पाच, मग दोन, मग चार. ती उलट्या 'ण'ची आर्या सहाही रविवार आली, बापाने तिला मास्कवर मास्क बांधून पाठवली होती. सरलाचा आवाज बसला. हळदीचं पाणी पीत तिने कविता शिकवल्या. आणि दर रविवारी अठरा-एकोणीस नावांपुढे लाल शाईने 'गै' लिहिलं, टपोरं, वळणदार.

नोव्हेंबर लागता लागता पाऊस आला आणि त्याने धूर धुऊन नेला. पोरं परत आली. धुरामुळे राहून गेलेली मंडळाची बैठक त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी झाली.

"विषय चौथा, शाखांचा तिमाही आढावा," चंद्रशेखर म्हणाले.

सुलेखाने पडद्यावर तक्ता लावला. दहा रविवार. बेडोक, सरासरी पन्नास. बुकित बातोक, दहा पूर्णांक एक दशांश.

पद्माकर चष्मा सावरत म्हणाले, "तो दशांश एक कोण हो? कुणाचं तान्हं बाळ?"

हसू टेबलाभोवती फिरून आलं. सरला हसली नाही. "यातले सहा रविवार धुराचे आहेत. बेडोकला त्या रविवारी किती पोरं आली?"

"बेडोकला सुट्टी होती," सुलेखा म्हणाली. ती पडद्याकडे बघत होती.

"मग तिथे काय लिहिलंय?"

"सुट्टी लिहिलंय. सुट्टीचा दिवस सरासरीत धरत नाहीत. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला मी काय सांगू?"

"तुम्हीच फोन केलात. उघडा ठेवा म्हणालात."

"ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी, असं म्हणाले. बाकी निर्णय तुमचा. हे बघा, तुमच्याच अक्षरात आहे." सुलेखाने तिचा हजेरीपट टेबलावर सरकवला. लाल 'गै'च्या रांगा खाली खाली उतरत गेलेल्या.

सरलाची बोटं शालीत आखडली. तिने पट स्वतःकडे ओढून घेतला. "बाकीचे चार रविवार बघा. वीस-वीस पोरं आहेत."

"नियम सरासरीचा आहे, ताई. तुम्हीही होतात जुलैत," चंद्रशेखर हळू आवाजात म्हणाले. "आणि बंद कुठे करतोय? बेडोकला जोडतोय. ट्रेन आहे."

"सहा वर्षांचं पोर सव्वा तास जाईल, सव्वा तास येईल? कोण पाठवेल?"

सहा हात वर झाले. सुलेखाचा शेवटी झाला, पण झाला.

"माझा विरोध आहे. लिहा," सरला म्हणाली. आवाज चिरकला, धुरातला घसा अजून धड झाला नव्हता.

"विरोध कशाला? एकमताने जाऊ दे. पालकांपर्यंत एक आवाज जावा. तुम्हाला बेडोकला पहिलीचा वर्ग देऊ."

"विरोध लिहा."

"लिहिते हं," सुलेखा म्हणाली आणि लॅपटॉपच्या कळा बडवायला लागली.

परतीच्या गाडीत सरलाला बसायला जागा मिळाली, पण ती सगळा रस्ता उभीच राहिली. दुपारी अडीचला घरी आली. शिवदास ओट्याशी भेंडी चिरत होता. त्याने वळूनही बघितलं नाही. म्हणाला, "जाऊ दे. बेडोकला शिकवायला मिळणारच आहे की तुला. मी येत जाईन सोबत."

सरलाच्या एका पायातली चप्पल निघाली होती, दुसरी निघायची होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

सुरी थांबली.

"मी अजून तोंड उघडलेलं नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सरला, आधी पाणी पी."

"कुणी?"

त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. "साहेबांनी."

"आज?"

भेंडीची तार ओट्यावरून खाली लोंबत होती.

"कधी?"

"मे महिन्यात. पँट्रीत बोलावून घेतलं होतं. म्हणाले, तो वर्ग या वर्षात बंद करायचाच आहे. पालक ओरडतील. तुमच्या मिसेस मंडळात असल्या तर ओरडणार नाहीत."

"म्हणजे सुलेखा यायच्या आधी."

"हो."

"तुम्ही छत्री धरून हिंडलात माझ्याबरोबर. तीन आठवडे."

"माझा पास ऑगस्टला संपत होता. सही त्यांची. नाही झाली असती तर तीस दिवसांत गाशा गुंडाळायचा. दीक्षाची शाळा सुटली असती. तू सांग, मी काय करायचं होतं?"

"मला सांगायचं होतं."

"तू गप्प बसली असतीस?"

"नसते बसले."

"मग?" शिवदासचा आवाज पहिल्यांदाच चढला आणि लगेच खाली आला. "मला वाटलं, वर्ग तर जाणारच आहे. निदान वर्षभर तुला शाल-नारळ मिळेल. कुणी स्वयंपाकीण म्हणणार नाही."

सरलाने दुसरी चप्पल काढली आणि रॅकवर ठेवली. ती आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली. दीक्षा दारात येऊन उभी राहिली, मग पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. सरला वर्गावर गेली. मागून शिवदासही आला आणि न बोलता बाकं ओढायला लागला. तिने त्याला हो म्हटलं नाही की नको म्हटलं नाही. बावीसच्या बावीस पोरं आली. पण नेहमीसारखे पोरांना सोडून कॉफीला न जाता पालक खोलीतच थांबले. बायका भिंतीला टेकून उभ्या, पुरुष हाताची घडी घालून. कुणी नमस्कार केला नाही.

प्रकाश पुढे आला. यार्डातले त्याचे बूट तसेच पायात होते. "मॅडम, सकाळी ईमेल आलीय सगळ्यांना. वाचू?"

"वाचा."

त्याने फोन लांब धरला. "बुकित बातोक शाखा डिसेंबरपासून बेडोक शाखेत विलीन करण्याचा ठराव एकमताने मंजूर. सूचक, सुलेखा. अनुमोदक," तो थांबला, "सरला."

सगळ्या माना सरलाकडे वळल्या.

"मी अनुमोदन दिलेलं नाही," सरला म्हणाली. "मी विरोध केला."

"इथे तर एकमताने लिहिलंय."

"खोटं लिहिलंय."

भिंतीशी उभी असलेली एक बाई दुसरीला म्हणाली, मुद्दाम ऐकू जाईल अशी, "शाल मिळाली की असंच असतं."

आर्या बापाकडे बघत होती, पेन्सिल तोंडात. प्रकाशने कपाळ चोळलं. त्याला भांडायचं नव्हतं, ते दिसत होतं. तो शिवदासकडे वळला. "भाऊ, तुम्ही तर साहेबांच्या ऑफिसात. मॅडम घरी येऊन काय म्हणाल्या, तुम्हालाच ठाऊक. तुम्ही सांगा, आमचा विश्वास बसेल. विरोध केला होता का यांनी?"

शिवदासच्या हातात बाकाची कड होती. त्याने सरलाकडे बघितलं, मग दाराकडे.

"झालं असेल हो घाईत," तो म्हणाला. "बैठकीत एकाच वेळी सगळे बोलतात. तिला नीट आठवत नसेल."

सरलाला वाटलं, ओढा भरून आलाय आणि हातातली दोरी कुणीतरी पलीकडून सोडलीय. तिने फळ्याच्या चौकटीला हात टेकला. दीक्षा लहान पोरांच्या रांगेत कागद वाटत होती, ती जागच्या जागी थांबली. "बाबा!" ती म्हणाली. "तुम्ही काल काय बोललात? आय वॉज देअर, लाह."

"दीक्षा, तू मधे पडू नकोस."

"तिला कशाला गप्प करता?" सरला म्हणाली. तिने प्रकाशला विचारलं, "तुमच्या त्या पालकांच्या ग्रुपवर बेडोकचेही आहेत ना?"

"दोन्ही शाखांचे. मंडळ पण आहे."

"मग लिहा. मी सांगते तसं. माझ्या फोनवरून मला एवढं भराभर जमणार नाही."

प्रकाशने दोन्ही अंगठे तयार धरले. सरला पोरांना श्रुतलेखन घालताना सांगते तशी, एकेक वाक्य तोडून सांगायला लागली.

"मी या ठरावाला अनुमोदन दिलेलं नाही. मी विरोध लिहायला सांगितला होता, तो लिहिला नाही. धुराच्या सहा रविवारी सचिवांनी मला वर्ग उघडा ठेवायला सांगितला. बेडोकचा बंद ठेवला, आणि तीच हजेरी माझ्याविरुद्ध वापरली."

"झालं," प्रकाश म्हणाला.

"हा वर्ग बंद करायचं मे महिन्यातच ठरलं होतं. निवडणुकीच्या आधी. मला उभं केलं ते तुम्ही गप्प बसावं म्हणून."

प्रकाशचे अंगठे थांबले. "मॅडम, हे कशावरून? उद्या विचारतील. पुरावा काय?"

शिवदास दोन पावलं पुढे आला. "सरला." तो एवढंच म्हणाला, पण त्याच्या कपाळावर घाम डवरला होता, पंख्याखाली उभा असून. "पासचा विचार कर. दीक्षाचा कर."

सरलाने दीक्षाकडे बघितलं. पोरगी कागदांचा गठ्ठा छातीशी धरून उभी होती. डोळे भरलेले, पण तिने मान हलवली, खालीवर, एकदाच.

"अहो," सरला नवऱ्याला म्हणाली, "मी काल रात्रभर तुमचाच विचार केला. म्हणून तुमचं नाव घेणार नव्हते. आता माझ्याजवळ दुसरं काही ठेवलं नाहीत तुम्ही."

मग ती प्रकाशकडे वळली. "लिहा. हे मला माझ्या नवऱ्याने सांगितलं. त्यांना अध्यक्षांनी मे महिन्यात ऑफिसात बोलावून सांगितलं. खाली माझं पूर्ण नाव घाला."

प्रकाशने लिहिलं. वाचून दाखवलं. मघाशी शालीवरून बोललेली बाई खाली बघत होती.

"पाठवू?" प्रकाशने विचारलं. "एकदा गेलं की गेलं, मॅडम."

"पाठवा."

त्याने बोट टेकवलं. भिंतीला टेकलेल्या बाईच्या पर्समध्ये फोन वाजला, मग खिडकीपाशी, मग दाराशी, मग चारी बाजूंनी. सगळ्यांत शेवटी शिवदासच्या शर्टाच्या खिशात वाजला. त्याने तो बाहेर काढला नाही. खिशावर हात दाबून तो तसाच उभा राहिला.